पातीवरचा सिनेमा

पार्वतीबाईंनी आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले, त्याहून जास्त वेळा ते सांगितले. कमलनगरच्या आसपासच्या खेड्यांत साठीकडे झुकलेल्या कुठल्याही बाईला विचारा. ती म्हणेल, व्हय, पाहिलेत की आम्ही सगळे, नागिणीचा, दरोडेखोरांचा, हवेलीतल्या भुताचा. आता जरा खोलात जाऊन विचारा, बाई, सिनेमाच्या तंबूत कधी गेला होतात? मग ती गडबडेल. कारण तंबूत ती कधी गेलेलीच नसते. तिने सिनेमा पाहिलेला असतो ज्वारीच्या रानात उकिडवं बसून, हातात खुरपं धरून, आणि तोही कानांनी.

ही कमाई पार्वतीबाईंची. तेव्हा त्या पार्वतीबाई नव्हत्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पारू होत्या. ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. दसरा झाला की कमलनगरला टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा आणि पारूचे वडील गुंडेराव त्या तंबूचे भोंगेवाले व्हायचे. सायकलीच्या दांडीला पाटी बांधून, तोंडाला भोंगा लावून ते गावोगाव फिरत आणि एकच सिनेमा मराठीत, कानडीत आणि दखनीत तीन वेगवेगळ्या सिनेमांसारखा करून सांगत. या नोकरीचा पगार काय असेल तो असो, पण लेकीला तंबूत तिकीट लागत नसे. गावातल्या बाकी पोरींना आणि सुनांना तंबूचा नुसता आवाज ऐकायची मुभा होती, तीसुद्धा वारा तिकडून आला तर.

दुसऱ्या दिवशी पारू आईबरोबर खुरपणीला जायची. खुरपणीत प्रत्येक बाईच्या वाट्याला रानाची एक पट्टी येते, तिला पात म्हणतात. सगळ्या जणी ओळीने बसून आपापली पात खुरपत पुढं सरकतात आणि मागं राहणारी बोलणी खाते. पारूची अडचण अशी, की ती सिनेमा सांगायला लागली की तिचा हात थांबायचा. दोन्ही हातांशिवाय तिला बोलताच येत नसे. हातात बंदूक धरायची, फणा काढायचा, घोड्याचा लगाम ओढायचा, मग खुरपं धरणार कशाने? यावर बायकांनीच तोड काढली. पारूच्या उजवीकडची आणि डावीकडची, दोघींनी तिची पात अर्धी अर्धी वाटून घ्यायची. पारूने नुसतं सरकायचं आणि सांगायचं. मालकाला पात खुरपलेली मिळाल्याशी मतलब.

पारूशेजारची जागा मिळवण्यासाठी गावातल्या बायकांत रुसवेफुगवे व्हायचे. दुपारी जेवायला मात्र वस्तीतल्या एका झाडाखाली आणि गावातल्या दुसऱ्या. पाण्याच्या घागरीही दोन. पार्वतीबाई हे आजही हसत हसत सांगतात, पण वगळत मात्र नाहीत.

तंबूत निम्मे सिनेमे तेलुगू यायचे. पारूची आई नारायणखेडकडची, म्हणून पारूला घरातली तेलुगू कळायची. जेवलीस का, कुठं चाललीस, एवढी. हिरो कोर्टात उभा राहून बोलायला लागला की पारूची पंचाईत व्हायची. मग ती पदरचं घालायची. तिचं पदरचं बऱ्याचदा मूळच्यापेक्षा बरं असायचं, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

या सगळ्याचा हिशेब चाळीस वर्षांनी असा दारात येऊन बसेल असं कुणाला वाटलं होतं?

झालं असं, की पार्वतीबाईंची सून रूपाली हिने घरात मोठा टीव्ही आणला. रूपाली कमलनगरला शाळेत शिकवते. नवरा सुगत बीदरला नोकरीला, तो आठवड्याने येतो. गुडघ्यांमुळे सासूबाईंचं रान सुटलं आणि त्या दिवसभर दाराकडे तोंड करून बसायला लागल्या, हे सुनेला बघवेना. तिने टीव्हीला इंटरनेट जोडलं आणि एका रविवारी दुपारी विचारलं, "आत्या, तुमच्या वेळचा कंचा सिनेमा लावू?"

पार्वतीबाई म्हणाल्या, "नागिणीचा लाव." रूपालीने लावला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली नागीण.

दोन रविवारांत जुन्या पातीतल्या बायका जमायला लागल्या. गल्लीतून शैलश्रीअक्का यायच्या. माहेर कानड्यांचं, बोलणं मराठी आणि मत नेहमी ठाम. आणि कमलनगरहून जीपने यायच्या सोजराबाई. सोजराबाईंचा स्टँडमागे कडक भाकरींचा धंदा. त्या येताना ज्वारीची पिशवी घेऊन यायच्या, आणि सिनेमा बघता बघता सगळ्या जणी सुपं घेऊन ती निवडून द्यायच्या. रिकाम्या हातांनी सिनेमा बघणं या बायकांना जमतच नाही.

त्यांच्यासाठी नागिणीचा सिनेमा पुन्हा लावला, आणि तिथंच पहिली ठिणगी पडली. शेवट झाला, नावं वर सरकायला लागली, तरी शैलश्रीअक्का टीव्हीकडे बघतच राहिल्या.

"विहीर कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कंची विहीर?" रूपाली म्हणाली.

"तिनं मणी टाकलेली. आपल्या वढ्याकाठची."

पार्वतीबाई ज्वारीत खडा शोधायला लागल्या. नागमणी त्या विहिरीत पडला ही भर त्यांची होती. ऐकणाऱ्यांना जागा ओळखीची वाटावी, एवढाच त्यात हेतू.

"मी सून होऊन आल्यापासून दुपारच्या पारी त्या विहिरीवर पाय ठेवला न्हाई," शैलश्रीअक्का म्हणाल्या. "माझ्या सुनेलाबी जाऊ दिलं न्हाई. आन् हितं तर विहीरच न्हाई."

सोजराबाई हसून हसून खोकायला लागल्या. रूपालीने त्यांना पाणी आणून दिलं.

भुताच्या सिनेमाची तऱ्हा वेगळी. तंबूत त्या दिवशी रिळं उलटीपालटी लागली होती, त्यामुळे हवेलीतली बाई आधी मेली आणि नंतर तिचं लग्न लागलं. पारूने शेतात ते सगळं व्यवस्थित पटवून दिलं होतं. जिवंतपणी इच्छा राहिली, म्हणून मेल्यावर लग्न. आता टीव्हीवर ती बाई साध्या क्रमाने लग्न करून मेली, तेव्हा सगळ्यांनाच ते फिकं वाटलं. शैलश्रीअक्का तर म्हणाल्या, यात भुताला काम काय राहिलं मग?

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग एका रविवारी सोजराबाई सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, "पारू, ती घोड्यावरची दरोडेखोर बाई आठवायलीय का? तो सिनेमा एकदा बघायचाय मला डोळ्यांनी."

पार्वतीबाई म्हणाल्या, बघू, सापडला तर.

तो तेलुगू सिनेमा त्या विसरल्या नव्हत्या. विसरणं शक्यच नव्हतं. जमीनदाराच्या नादी लागलेला नवरा बायकोला मारतो, घराबाहेर काढतो. ती डोंगरात जाते, बंदूक घेते, घोड्यावर बसते, जमीनदाराला संपवते. इथवर पारूने शेतातही सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. शेवटी तिला गोळी लागते. रक्ताळलेली ती घोड्यावरून नवऱ्याच्या दारात येते, खाली उतरते, सरपटत उंबऱ्यापाशी जाते आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते. तो तिच्या कपाळाला कुंकू लावतो. देवळातल्या घंटा वाजतात आणि ती मरते. तंबूत आलेल्या कमलनगरच्या बायका ओक्साबोक्शी रडल्या होत्या. सोळा वर्षांची पारूही रडली होती.

दुसऱ्या दिवशी खुरपणीत तिच्या उजव्या हाताला सोजरा होती. सोजरा गावातल्या खात्यापित्या घरची सून, कडेवर तान्ही पोर मंजुश्री. पोरीला बांधावर झोळीत टाकून ती पारूची अर्धी पात खुरपत होती. वाकताना तिचा पदर सरकला आणि पारूला तिच्या दंडावरचे वळ दिसले, जुन्या पिवळट वळांवर नवे काळेनिळे. सोजराने घाईने पदर ओढला आणि म्हणाली, "थांबलीस कामून? पुढं सांग."

पुढं सांगायचं म्हणजे ती पायांवर डोकं ठेवून मेली, हे सांगायचं. पारूच्या तोंडून ते निघेना. तिने दोन्ही हातांनी लगाम ओढला. "घोडं दारात थांबलं," ती म्हणाली. "नवरा बाहेर आला. हात जोडायलाय, म्हणायलाय, चल आत. पर ती उतरलीच न्हाई. म्हणाली, तुझ्या उंबऱ्याहून माझं घोडं उंच हाय. आता खाली येणं जमायचं न्हाई. माझी पेटी तेवढी दे."

ओळीतली सगळी खुरपी थांबली.

"दिली का पेटी?" कुणीतरी विचारलं.

"दिली. घोड्यावर बांधली आन् गेली."

"कुठं गेली?"

याचा पारूने विचार केला नव्हता. तंबू डोळ्यांपुढे होता, म्हणून ती म्हणाली, "कमलनगरला."

कुणीही हसलं नाही. आणि पंधरवड्याच्या आत सोजरा माहेरून आणलेली लोखंडी पेटी डोक्यावर आणि पोर कडेवर घेऊन कमलनगरला गेली. घोडं नव्हतं, म्हणून सकाळच्या जीपने.

गावात बोंबाबोंब झाली. कुणी म्हणालं, डोकं फिरलं. कुणी म्हणालं, हिला कुणीतरी शिकवलं. पारू महिनाभर शेतात गेली नाही, ताप आला म्हणून पडून राहिली. पुढे तिचं लग्न झालं, तेही गावातच, वस्तीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. आणि सोजराने स्टँडमागे खोली घेऊन चूल मांडली. कडक भाकरी थापायच्या, शेकून वाळवायच्या, चळत बांधून विकायच्या. लांबच्या गाड्यांची माणसं प्रवासाला घेऊन जायची. नवरा दोनदा न्यायला आला. ती चुलीपुढून उठली नाही. पुढे तो वारला. मंजुश्री शिकली, बसवकल्याणला नोकरीला लागली.

पारू येता-जाता तिच्याकडे टेकायची. आधी तिला ती सोजरावहिनी म्हणायची. पण वहिनी म्हटलं की नवरा मध्ये येतो, म्हणून तिने ते बदलून अक्का केलं. सोजराअक्का तिला पाटावर बसवून आपल्या तांब्यातलं पाणी द्यायची. सगळं होतं, पण एक प्रश्न पारूने कधीच विचारला नाही. चैत्रवैशाखात चुलीपुढे भाजून निघालेला अक्काचा चेहरा बघितला की तो तिच्या जिभेवर यायचा आणि ती गिळून टाकायची. अक्का, पस्तावलीस का?

म्हणून त्या रविवारी, सगळ्या गेल्यावर, पार्वतीबाई सुनेला म्हणाल्या, "रूपाली, तो दरोडेखोरीण बाईचा सिनेमा सापडला न्हाई म्हणून सांग."

"मी अजून शोधलाबी न्हाई, आत्या."

"म्हणूनच म्हणायलेय."

रूपालीने सासूच्या तोंडाकडे बघितलं. दोन रविवार तिने इमानाने सांगितलं, सापडत नाही. त्या दोन आठवड्यांत पार्वतीबाईंना जेवण गोड लागलं नाही. आपल्या एका थापेवर एका बाईने घर सोडलं, जन्म चुलीपुढे काढला. ती थाप होती हे तिला आता कळलं तर? चाळीस वर्षं ती ज्या घोड्यावर बसली होती, ते घोडं नव्हतंच, हे टीव्हीसमोर, सगळ्यांसमोर कळलं तर? पार्वतीबाईंना मैत्रीण गमावायची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती मैत्रिणीचा धीर खचायची.

तिसऱ्या रविवारी सोजराबाई आल्या त्या फोन पुढे करूनच. "मंजुश्रीनं धाडलाय बघ. हिंदीत केलाय म्हणं. रूपाली, लाव गं मोठ्यावर."

आता काय करणार? रूपालीने एकदा सासूकडे पाहिलं. पार्वतीबाईंनी मान हलवली, लाव.

सिनेमा हिंदीत असल्यामुळे सगळ्यांना सगळं कळत होतं. चाळीस वर्षांपूर्वी जी भाषा आड उभी राहिली होती, ती आज बाजूला झाली होती. शैलश्रीअक्का मधून मधून म्हणत होत्या, हे बरोबर, हेबी बरोबर. पार्वतीबाईंचं सूप मांडीवर तसंच पडलं होतं. त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, त्या सोजराबाईंकडे बघत होत्या. सोजराबाई शांतपणे ज्वारी निवडत होत्या, एक खडा, एक काडी.

गोळी लागली. घोडं दारात आलं. आणि ती बाई खाली उतरली.

सोजराबाईंचा हात सुपात थांबला. बाई सरपटत उंबऱ्यापाशी गेली, डोकं ठेवलं, कुंकू लागलं, घंटा वाजल्या.

"हे रीळ दुसऱ्या सिनेमाचं हाय," शैलश्रीअक्का म्हणाल्या.

"अक्का, आता रिळं नसत्यात," रूपाली म्हणाली.

"मग आणिक काय असंल ते दुसऱ्याचं हाय. हिला गोळी कुठं लागली होती? ती पेटी घेऊन गेली. म्या बघितलंय की माझ्या डोळ्यांनी, तंबूत."

शैलश्रीअक्कांनी तंबू आतून कधीच पाहिला नव्हता, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी खात्री होती, की पार्वतीबाईंना क्षणभर स्वतःचीच शंका आली.

सोजराबाईंनी रूपालीला सांगितलं, "घोडं दारात येतंय तिथून फिरून लाव." रूपालीने लावलं. बाई पुन्हा खाली उतरली, पुन्हा सरपटली. सोजराबाईंनी पदराने चष्मा पुसला आणि टीव्ही बंद करायला लावला.

"पारू," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझा दंड दिसला होता व्हय तुला?"

पार्वतीबाईंना खोटं बोलायचं नव्हतं. एकदा बोलून झालं होतं. "दिसला होता, अक्का."

"म्हणून घोडं आणलंस?"

"घोडं होतंच की सिनेमात," पार्वतीबाई म्हणाल्या. "म्या फक्त तिला उतरू दिलं न्हाई."

सोजराबाईंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर ऊन होतं आणि उन्हात कुणाची तरी शेळी उभी होती. पार्वतीबाईंनी शेवटी ते विचारलं, चाळीस वर्षं गिळलेलं.

"अक्का, पस्तावलीस का गं?"

"उन्हाळ्यात चुलीपुढं रोज पस्तावायचे," सोजराबाई म्हणाल्या. "चूल विझली की इसरून जायचे." मग त्या रूपालीकडे वळल्या. "रूपाली, ह्या सिनेमातल्या बाईवानी मी पायांवर डोकं ठेवून बघितलं होतं बरं का. एकदा न्हाई, लई बारी. घंटा काय वाजल्या न्हाईत." त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. "ते सिनेमात दाखवत्यात हे मला आज कळालं. तेव्हा कळालं असतं तर मीबी तिथंच मेले असते. बरं झालं पारू, मला तंबूत कुणी सोडलं न्हाई. आन् बरं झालं, तूच माझ्या शेजारी होतीस."

पार्वतीबाईंना रडू आवरेना. त्या लाजून पदर शोधायला लागल्या. शैलश्रीअक्का म्हणाल्या, "रडायलीस कामून? मी तर कवापसून सांगायलेय, हे रीळच चुकीचं हाय."

मग सोजराबाई पुढे सरकल्या. त्यांनी पार्वतीबाईंच्या मांडीवरचं ज्वारीचं सूप ओढून घेतलं, अर्धी ज्वारी आपल्या सुपात घेतली आणि उरलेली शैलश्रीअक्कांच्या सुपात ओतली. शैलश्रीअक्कांनी काही न विचारता ती निवडायला घेतली. रिकामं सूप सोजराबाईंनी भिंतीला लावून ठेवलं.

"हं, सांग आता," त्या म्हणाल्या. "हिला कुठं माहीत हाय खरा शेवट? घोडं दारात आलं तिथून सांग."

रूपाली सासूसमोर येऊन बसली. पार्वतीबाईंनी डोळे पुसले. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी ते उचलले आणि लगाम ओढला.

"घोडं दारात थांबलं," त्या म्हणाल्या.